जुन्या कार्डांचं बंद पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडून घ्यायचंय? पैसे पाठवण्याआधी हे सगळं ठरवून घ्या

अमेरिकेत आणि कॅनडात बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकीच्या जुन्या कार्डांची न फोडलेली पाकिटं आजही विकायला येतात. मेण लावलेल्या कागदाचं वेष्टन, आत दहा-पंधरा कार्डं आणि बबलगमची एक पट्टी. चाळीस-पन्नास वर्षं कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेलं असं पाकीट घरी मागवण्यापेक्षा बरेच संग्राहक ते विकणाऱ्याकडूनच कॅमेऱ्यासमोर फोडून घेतात आणि निघालेली कार्डं तेवढी मागवतात. याला ब्रेक म्हणतात, फोडणाऱ्याला ब्रेकर. पाकिटाची किंमत, तिच्यावर ब्रेकरचा मोबदला आणि वर टपालखर्च, असा एकूण हिशेब.

ज्यांनी लहानपणी बिग फन बबलगमबरोबर येणारे क्रिकेटपटूंचे फोटो जमवले, त्यांना यातली ओढ समजावून सांगायला नको. मला हा छंद मनापासून आवडतो. पण यात पैसा मोठा आहे, आणि एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की हवी: पाकीट फाटलं की व्यवहार मागे फिरत नाही. बंद पाकिटाला स्वतःची किंमत असते. ते फाडलं त्या क्षणी ती किंमत जाते आणि हातात उरतात ती कार्डं, बहुतेक वेळा साधीच. त्यामुळे पाकीट कुठलं, ते अस्सल कशावरून, फोडणार कोण, अटी काय आणि पैसे कुठल्या मार्गाने, हे सगळं फाडण्याआधी ठरलेलं हवं. पुढचा सगळा लेख त्या ‘आधी’बद्दलच आहे, थोडा नंतरचाही.

पहिली पायरी: पाकीट निवडा आणि शक्यता स्वतः मोजा

बहुतेक जण आधी ब्रेकर शोधतात आणि मग त्याच्याकडे जे असेल ते घेतात. हे उलटं करा. तुम्हाला कुठलं कार्ड हवंय ते ठरवा, ते कुठल्या संचात आहे ते बघा, आणि एका पाकिटात ते निघण्याची शक्यता कागदावर मांडा. गणित सोपं आहे: पाकिटातली कार्डं भागिले संचातली कार्डं.

सगळ्यांत जास्त मागणी असलेलं उदाहरण म्हणजे १९८६-८७ चा फ्लिअर कंपनीचा बास्केटबॉल संच. त्यात १३२ कार्डं आणि ११ स्टिकर आहेत. एका पाकिटात १२ कार्डं आणि १ स्टिकर, एका बॉक्समध्ये ३६ पाकिटं. मायकेल जॉर्डनचं ५७ क्रमांकाचं कार्ड एका पाकिटात निघण्याची शक्यता ११ मध्ये १. जॉर्डनचा स्टिकर निघण्याची शक्यताही तेवढीच. ऐकायला बरं वाटतं. पण ११ पाकिटं फोडली म्हणजे एक जॉर्डन हमखास मिळणार, असं होत नाही. ११ पाकिटं फोडूनही एकही न निघण्याची शक्यता साधारण ३५ टक्के आहे. आणि ही पाकिटं आज एकेक हजारो डॉलरला जातात.

आता टॉप्स कंपनीचा १९८० चा बेसबॉल संच घ्या. कार्डं ७२६, पाकिटात १५. रिकी हेंडरसनचं पहिलं कार्ड, क्रमांक ४८२, निघण्याची शक्यता ४८ मध्ये १ च्या आसपास. म्हणजे ३६ पाकिटांचा अख्खा बॉक्स फोडूनही ते न निघणं अगदी शक्य आहे. ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीच्या १९७९-८० च्या हॉकी संचात ३९६ कार्डं आणि पाकिटात १४. वेन ग्रेट्झकीचं १८ क्रमांकाचं कार्ड २८ पाकिटांत सरासरी एक. या संचाची १६ बॉक्स असलेली अख्खी सीलबंद पेटी कॅनडातल्या रेजायना शहरात एका घरात सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हेरिटेज या कंपनीच्या लिलावात ३७ लाख डॉलरच्या वर गेली. तिच्यात दहा हजारांहून जास्त कार्डं असणार, म्हणजे हिशेबाने पंचवीसच्या वर ग्रेट्झकी. भाव त्या हिशेबाचा होता.

जुन्या संचांत आणखी एक मेख आहे, आणि नवा माणूस हमखास तिथे अडकतो. टॉप्सची बेसबॉल कार्डं १९७३ पर्यंत एकदम बाजारात येत नसत. हंगामभर टप्प्याटप्प्याने, मालिकांमध्ये येत. १९५२ च्या संचात ४०७ कार्डं आहेत आणि मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड हे शेवटच्या मालिकेतलं पहिलं. याच कार्डाच्या एका प्रतीला ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. पण आधीच्या मालिकेचं पाकीट घेतलं तर त्यात मँटलचं हे कार्ड असूच शकत नाही, वेष्टनावर १९५२ लिहिलेलं असलं तरी. म्हणून १९७३ किंवा त्याआधीचं पाकीट घेताना पहिला प्रश्न हा: मालिका कितवी, आणि ती कशावरून ओळखली?

शक्यतेबरोबर दर्जाही मोजा. पाकिटातून थेट निघालेलं कार्ड म्हणजे दहापैकी दहा, हा समज चुकीचा आहे. छपाई तिरकी असते, सीमा एका बाजूला सरकलेली असते, कोपरा कारखान्यातच दबलेला असतो. १९८६ च्या फ्लिअरची रंगीत किनार जरा धक्का लागला तरी उडते. १९७१ च्या टॉप्सची काळी किनार त्याहून नाजूक. पीएसए या ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे कार्ड तपासून दहापैकी दर्जा देणाऱ्या कंपनीने आजवर हजारो जॉर्डन कार्डं तपासली, त्यातली १० मिळवणारी तीनशेच्या थोडीच वर आहेत. अशी दोन कार्डं जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेली. पुढच्या दोन-एक वर्षांत तोच भाव दोन लाखांच्या खाली आला. ब्रेकर त्याच्या जाहिरातीत कुठला आकडा लिहितो ते बघा. ७ आणि ८ दर्जाच्या कार्डाचा आजचा भाव धरून हिशेब करा, तो वास्तवाच्या जवळ असेल.

दुसरी पायरी: वेष्टनाचा प्रकार समजून घ्या

मेणकागदाचं वॅक्स पाकीट सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत धोक्याचं. मेण पुन्हा गरम करून चिकटवता येतं. कुणीतरी पाकीट अलगद उघडून चांगलं कार्ड काढून घेतं, तिथे साधं सरकवतं आणि परत बंद करतं. याला रिसील म्हणतात. १९८६ च्या फ्लिअरची अशी पाकिटं बाजारात भरपूर फिरतात.

सेलोफेनच्या पाकिटात वरचं आणि खालचं कार्ड दिसतं, तीन कप्प्यांच्या रॅक पॅकमध्ये प्रत्येक कप्प्याचं दिसतं. तिथे लपवाछपवी थोडी अवघड. पण विकणाऱ्याने बॉक्समधली चांगली दिसणारी पाकिटं आधीच बाजूला काढून महाग विकलेली असतात आणि उरलेली तुमच्यापुढे येतात, हे धरून चला.

१९८९ मध्ये अप्पर डेक कंपनीने फॉइलची पाकिटं आणली ती फेरफार अवघड व्हावा म्हणूनच. त्या संचाचं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. १९८७ ते १९९३ या काळात कार्डं इतकी छापली गेली की त्यांचे बंद बॉक्स आजही स्वस्तात मिळतात. पहिला ब्रेक याच काळातल्या पाकिटाचा करून घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. ब्रेकरची पद्धत, पॅकिंग, बोलण्याचा सूर, सगळं थोड्या पैशात कळतं. नव्वदच्या दशकातल्या चकचकीत कार्डांची मात्र एक अडचण आहे: ती एकमेकांना चिकटून विटेसारखी होतात आणि सोडवताना पृष्ठभाग सोलला जातो. टॉप्सच्या स्टेडियम क्लब या चकचकीत संचाचं जुनं पाकीट घेणार असाल तर हे गृहीत धरा.

गमबद्दलही माहीत असलेलं बरं, कारण ती पुराव्याचं काम करते. टॉप्सने १९९१ पर्यंत पाकिटात गम दिली, १९९२ पासून बंद केली. बेसबॉल कार्डांसोबत गम विकण्याच्या हक्कावरून टॉप्स आणि फ्लिअर यांच्यात कोर्टात लढाई झाली. १९८१ या एका हंगामात फ्लिअर आणि डॉनरस या दोन्ही कंपन्यांनी बेसबॉल कार्डांसोबत गम दिली. त्यानंतर निकाल फिरला आणि १९८२ पासून फ्लिअर स्टिकर देऊ लागली, डॉनरस चित्रकोड्याचे तुकडे. तेव्हा १९८३ च्या फ्लिअर बेसबॉल पाकिटातून गम निघाली तर ते पाकीट कुणीतरी हाताळलेलं आहे. उलट फ्लिअरच्या १९८६ च्या बास्केटबॉल पाकिटात गम असते.

तिसरी पायरी: अस्सलपणाची हमी कोणाची?

त्या काळातले बरेचसे वॅक्स बॉक्स कारखान्यातून सीलबंद होऊन यायचेच नाहीत. झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं, आत सुटी पाकिटं. म्हणजे बॉक्स ‘सीलबंद’ आहे असं कुणी म्हणालं तर ते सील कोणाचं, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत या बाबतीत सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते इंडियाना राज्यातल्या बेसबॉल कार्ड एक्स्चेंजचं. ते बॉक्स तपासतात आणि स्वतःच्या नावाच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. बॉक्स त्यांच्यासमोर उघडलेल्या सीलबंद पेटीतून आला असेल तर तशी वेगळी नोंद असते, आणि अशा बॉक्सला भाव जास्त मिळतो. सुट्या पाकिटांना पीएसए दर्जा देऊन कडक डबीत बंद करते.

आता बंद पडलेल्या ग्रेडिंग कंपन्यांच्या जुन्या डब्यांतली पाकिटं स्वस्त दिसतात. ती मी घेणार नाही. हमी देणाराच उरला नसेल तर भांडायचं कोणाशी?

आणि हमी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. यूट्यूबर लोगन पॉलने डिसेंबर २०२१ मध्ये पोकेमॉन कार्डांची पहिल्या आवृत्तीची म्हणून एक सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. ती पेटी बेसबॉल कार्ड एक्स्चेंजने अस्सल ठरवली होती. जानेवारी २०२२ मध्ये शिकागोत कॅमेऱ्यासमोर ती उघडली, तर आत जी. आय. जो ची कार्डं. सगळं चित्रित झालं होतं आणि पेटी कोणाच्या हातून कोणाकडे गेली हे माहीत होतं, म्हणून त्याला पैसे परत मिळवता आले. यावरून घ्यायचं ते असं: तपासलेला बॉक्स घ्या, आणि तरीही तो कुठून आला याची साखळी विचारा. ब्रेकरने तो कोणाकडून घेतला, केव्हा, पावती आहे का. प्रामाणिक ब्रेकर हे प्रश्न ऐकून वैतागत नाही. त्यानेही खरेदीच्या वेळी हेच विचारलेलं असतं.

सुटं, डबीत नसलेलं, कुणीही न तपासलेलं वॅक्स पाकीट हजार डॉलरच्या वर कितीही स्वस्त वाटलं तरी सोडून द्या.

चौथी पायरी: ब्रेकरचे जुने व्हिडिओ बघा, आवाज बंद करून

वॉटनॉट, ईबे लाइव्ह, फॅनॅटिक्स लाइव्ह आणि यूट्यूबवर ब्रेक चालतात. ब्रेकरचा आरडाओरडा, संगीत, बाकी प्रेक्षकांचा उत्साह हे सगळं काढून टाकलं की फक्त हात दिसतात, आणि तुम्हाला हातच बघायचे आहेत. कार्ड कडेने धरतो की अंगठा चेहऱ्यावर टेकवतो? गठ्ठा टेबलावर आपटून सारखा करतो का? पाकीट उचलल्यापासून शेवटचं कार्ड दिसेपर्यंत एकदाही हात चौकटीबाहेर जातो का? चांगलं कार्ड निघाल्यावर त्याला लगेच आवरणात घालतो की कॅमेऱ्यासमोर नाचवत बसतो?

एखादा असाही व्हिडिओ शोधा ज्यात काहीतरी बिघडलंय: कार्ड कमी निघालं, पाकीट संशयास्पद वाटलं, गम चिकटून कार्ड खराब झालं. तिथे तो काय करतो, यावरून माणूस कळतो. ज्याच्या एकाही व्हिडिओत काहीच बिघडत नाही, तो व्हिडिओ निवडून टाकत असणार.

पाचवी पायरी: अख्खं पाकीट तुमचं, की त्यातला एक स्पॉट?

पर्सनल ब्रेक म्हणजे पाकीट पूर्ण तुमचं. त्यातलं सगळं तुम्हाला येतं. महागड्या पाकिटांत मात्र ब्रेकर बहुधा स्पॉट, म्हणजे पाकिटातल्या एकेका कार्डाची किंवा स्टिकरची जागा विकतो. १३ जणांनी १३ स्पॉट घ्यायचे, यादी संगणकाकडून उलटसुलट करायची, मग पहिलं कार्ड पहिल्या नावाला, दुसरं दुसऱ्याला. यादी किती वेळा फिरवायची ते ठरवायला सगळ्यांसमोर फासे टाकतात. ही चांगली रीत आहे, कारण मनासारखा क्रम येईपर्यंत यादी फिरवत राहण्याला वाव उरत नाही.

स्पॉट स्वस्त वाटतो तो आकडा लहान असतो म्हणून. समजा, पाकिटाचा बाजारभाव ४,००० डॉलर आहे आणि १३ स्पॉट प्रत्येकी ४०० ला विकले. जमा झाले ५,२००. म्हणजे ब्रेकरचा मोबदला १,२०० डॉलर, पाकिटाच्या किमतीच्या ३० टक्के. आणि तुमचा स्पॉट म्हणजे एक कार्ड, म्हणजे जॉर्डन येण्याची शक्यता आता ११ मध्ये १ राहिली नाही, १३२ मध्ये १ च्या घरात गेली. त्या संचात चार्ल्स बार्कली, पॅट्रिक यूइंग, हकीम ओलाजुवॉन, कार्ल मलोन यांचीही पहिली फ्लिअर कार्डं आहेत, त्यामुळे अगदीच रिकाम्या हाताने परत यावं लागतं असं नाही. पण स्टिकर आणि साध्या खेळाडूंची कार्डं धरून सरासरी काढा आणि मग ठरवा. माझं मत विचाराल तर चौघा-पाच मित्रांनी मिळून एक पर्सनल ब्रेक घ्यावा आणि कार्डांची वाटणी आपापसांत आधी लिहून ठेवावी. शक्यता तुमच्याकडे राहते आणि मोबदलाही कमी जातो.

फिलर म्हणून एक प्रकार असतो: मोठ्या ब्रेकमधला एक स्पॉट बक्षीस म्हणून ठेवतात आणि तो मिळवण्यासाठी लहान लहान रकमांच्या सोडती घेतात. यात तुम्ही सोडतीत भाग घेण्याचा हक्क मिळवण्यासाठी सोडत खेळता. याच्या वाटेला जाऊ नका.

भारतात राहून पैसे पाठवणाऱ्यांसाठी इथे एक खास गोष्ट आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या २००० च्या चालू खात्याच्या नियमांत, पहिल्या परिशिष्टात, लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे. ठरलेलं पाकीट विकत घेऊन ते फोडून घेणं ही वस्तूची खरेदी आहे, आणि पावतीवरही तसंच येतं. सोडतीने वाटला जाणारा स्पॉट दिसायला लॉटरीच्या फार जवळ जातो. भारतातून करायचं तर पर्सनल ब्रेकच करा.

सहावी पायरी: अटी लिहून घ्या

बोलण्यात सगळे ब्रेकर गोड असतात. लेखी संदेश पाठवा आणि त्याला ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच पैसे द्या. मी पाठवतो त्या संदेशाचा आशय असा:

‘तुमच्याकडच्या १९८० टॉप्स बेसबॉल बॉक्समधली चार पाकिटं मला पर्सनल ब्रेकसाठी हवी आहेत. बॉक्सवरचं प्लास्टिक न फाडलेलं असेल तर ते कॅमेऱ्यासमोर फाडावं. बॉक्स आधीच उघडला असेल तर किती पाकिटं गेली आणि त्यांतून काय निघालं ते कळवावं. पाकिटं मी सांगेन त्या जागेवरून उचलावीत. चित्रीकरण अखंड असावं आणि त्याची प्रत मला मिळावी. सगळी कार्डं, वेष्टनं आणि आतलं इतर साहित्य माझं. कार्डं १५ पेक्षा कमी निघाली किंवा पाकीट आधी उघडल्याची खूण दिसली तर उरलेली पाकिटं न फोडता थांबावं आणि त्या पाकिटाचे पूर्ण पैसे परत करावेत. गम किंवा मेणाचा डाग हा नैसर्गिक धरला जाईल, त्याची तक्रार मी करणार नाही. फोडताना कार्ड हातून दुमडलं तर भरपाई कशी, ते आधी सांगावं.’

यातल्या दोन गोष्टींवर अडून बसा. एक, पाकीट तुम्ही निवडणार. पाकिटांचा ढीग कॅमेऱ्यात दिसतोय आणि तुम्ही म्हणता, डावीकडून तिसरं, वरून दुसरं. यामुळे ब्रेकरला आधी चाचपून बाजूला ठेवलेलं पाकीट पुढे करता येत नाही. दोन, संशय आल्यास थांबायचं. पहिलं पाकीट रिसील निघालं आणि तरी ब्रेकरने उत्साहाच्या भरात उरलेली तीन फाडली, तर चारही पाकिटांचे पैसे अडकतात.

डागाची अट मी स्वतःहून सोडतो, कारण तो आग्रह धरणं रास्त नाही. इतकी वर्षं गम ज्या कार्डाला टेकून होती, त्याच्या पाठीवर डाग असणारच. पीएसए अशा कार्डाला दर्जाबरोबर ‘एसटी’ असा शेरा लावू शकते, सीमा सरकलेल्या कार्डाला ‘ओसी’.

सातवी पायरी: पैसे

पेपॅलने देणार असाल तर वस्तू व सेवा या पर्यायातूनच द्या. ‘मित्र व कुटुंबीय या पर्यायाने पाठवा, शुल्क वाचेल’ असं ब्रेकर म्हणाला तर नकार द्या, कारण त्या मार्गाने पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं. शुल्क तुम्ही भरा, हवं तर. क्रेडिट कार्ड चालत असेल तर उत्तम. महिन्याच्या खर्चाची मर्यादा ब्रेक सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा. थेट प्रक्षेपणात ‘शेवटची दोन पाकिटं उरलीत’ असं ऐकल्यावर ठरवलेली मर्यादा टिकत नाही. मुलांच्या हातात कार्ड जोडलेला फोन देऊन त्यांना ब्रेक बघायला बसवू नका.

आठवी पायरी: फोडताना काय बघायचं

शक्य असेल तर थेट हजर राहा, रात्र जागावी लागली तरी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट झालेली असते.

कॅमेरा वरून हवा, खाली एकरंगी चटई, ब्रेकरच्या बाह्या कोपरापर्यंत वर. डबीतलं पाकीट असेल तर डबीवरचा क्रमांक आधी कॅमेऱ्याजवळ येतो आणि तुम्ही तो पीएसएच्या संकेतस्थळावर पडताळता. मग पाकीट दोन बोटांत धरून समोरून, मागून आणि दोन्ही टोकांच्या घड्या दाखवायच्या. घाई करू देऊ नका. वेष्टनाच्या घडीजवळ दुसरी, थोडी सरकलेली जुनी घडी दिसते का? मेणाच्या जागी चकाकणारा डिंकासारखा थर आहे का? पाठीमागचा जोड सगळीकडे सारखा दबलेला आहे, की एका टोकाला पसरलाय?

मग जोड सोडवायचा. नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने, कात्री नाही. जुनं मेण ठिसूळ झालेलं असतं, ते बारीक आवाज करत सुटतं आणि कागदाचे पंख एकेक करून उलगडतात. गम बहुतेक वेळा तुकड्या-तुकड्यांत, पिठूळ गुलाबी चुऱ्यासह निघते. तो चुरा मऊ ब्रशने झटकायचा. ब्रेकर फुंकर मारायला वाकला तर तिथल्या तिथे थांबवा, थुंकीचा एक बारीक थेंबही जुन्या पुठ्ठ्यावर कायमचा राहतो. गठ्ठा चटईवर ठेवून कार्डं एकेक करून सरकवायची, मागचं पुढे, पुढचं मागे असं फेटायचं नाही.

आता खुणा जुळतात का ते बघा. गमचा डाग ज्या कार्डावर आहे, गम त्याच कार्डाला टेकलेली होती का? मेणाचा डाग वेष्टनाच्या जोडाखाली येतो का? गमची पट्टी मधोमध पडलीय आणि डाग भलत्याच कोपऱ्यात, असं दिसलं तर पाकीट कुणीतरी उघडलंय. बाकी सगळी कार्डं कोरी आणि मधलंच एक कोपरे झिजलेलं, हीसुद्धा तीच खूण. त्या काळात यंत्रं कार्डं ठराविक क्रमाने उचलत, त्यामुळे एकाच बॉक्समधल्या पाकिटांत तीच-तीच शेजारी कार्डं पुन्हा भेटतात. दोन पाकिटांत हा क्रम दिसला आणि तिसऱ्यात नेमक्या मोठ्या खेळाडूच्या जागी क्रम तुटला, तर ‘थांबा’ म्हणा. ओ-पी-चीच्या कार्डांची कड मात्र खरखरीत असते, ती तशीच कापली जायची. तिथे गुळगुळीत कड दिसली तर उलट ती नंतर कापल्याचा संशय घ्या.

हवं ते कार्ड निघालं की ते सगळ्यांत आधी मऊ आवरणात जायला हवं आणि मग अर्धकडक प्लास्टिकच्या कव्हरात. बाकी कार्डं बघणं नंतर.

नववी पायरी: नंतरचा प्रवास

अमेरिकेत निघालेलं मौल्यवान कार्ड तिथूनच ग्रेडिंगला पाठवा. भारतात आणून परत पाठवलं तर दोनदा टपाल, दोनदा विमा, सीमाशुल्काची कागदपत्रं आणि दोनदा हाताळणी. बरेच ब्रेकर थोडं शुल्क घेऊन कार्ड परस्पर ग्रेडिंगला देतात. तसं करताना अर्ज तुमच्या नावाने करून घ्या आणि अर्जाचा क्रमांक स्वतःकडे ठेवा. तिकडे नात्यातलं किंवा ओळखीचं कुणी असेल तर सगळ्यांत सोयीचं. साधी कार्डं महिनोन्‌महिने साठवून एकदमच मागवा. पार्सलवर मूल्य खरं लिहायला सांगा. कमी मूल्य लिहिलं तर शुल्क वाचतं, पण पार्सल हरवल्यावर विमाही तेवढ्याच रकमेचा मिळतो, शिवाय ते बेकायदा आहे.

मेणाचा डाग घासून काढायचे उपाय लोक सांगतात, ते महागड्या कार्डावर करू नका. वेष्टन सपाट करून वेगळ्या आवरणात ठेवा. जुन्या वेष्टनांनाही गिऱ्हाईक असतं. गम टाकून द्या, निदान कार्डांच्या डब्यात तरी नको, आपल्या दमट हवेत तिला मुंग्या आणि बुरशी लागायला वेळ लागत नाही. खायची तर अजिबात नाही.

पार्सल आल्यावर तेही कॅमेऱ्यासमोर उघडा आणि प्रत्येक कार्ड ब्रेकच्या व्हिडिओशी ताडून बघा: सीमेची जाडी, छपाईतला ठिपका, कोपऱ्यातली खूण. निघालेलं कार्ड एक आणि आलेलं दुसरं, त्याच खेळाडूचं पण हलक्या दर्जाचं, अशी अदलाबदल होऊ शकते आणि ती फक्त अशा ताडण्यातूनच सापडते. काही खटकलं तर आधी ब्रेकरला लेखी कळवा, दोन-चार दिवस वाट बघा आणि मग पेपॅलकडे तक्रार नोंदवा. तिथली मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून १८० दिवस आहे, पार्सल मिळाल्यापासून नाही. ग्रेडिंगला कार्ड गेलं की महिने सहज निघून जातात, म्हणून ही तारीख पैसे पाठवाल त्याच दिवशी लिहून ठेवा.